कुत्र्याच्या नावाचे फूल

युरोपातील सर्वांत सर्रास आढळणाऱ्या रानफुलांपैकी एक म्हणजे इंग्रजीत ज्याला 'कॉमन डॉग-व्हायोलेट' म्हणतात ते फूल. त्याचे शास्त्रीय नाव व्हायोला रिव्हिनियाना. आइसलँडपासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत आणि पलीकडे वायव्य आफ्रिकेच्या डोंगरांतही ते उगवते. त्याला विशिष्ट जमीन लागत नाही. पानगळीच्या जंगलातील विरळ सावली, शेताच्या बांधावरची झुडपे, चराऊ कुरणे, डोंगरउतार, समुद्राकाठचे कडे, सगळीकडे त्याचे जमते. झाड वीतभर उंचीचेही नसते. पाने हृदयाच्या आकाराची. एप्रिल ते जून या काळात पानांच्या बेचक्यांतून बारीक देठ वर येतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला निळसर जांभळे, दीड-दोन सेंटिमीटरचे एकच फूल मान वाकवून उमलते. पाकळ्या पाच: दोन वर, दोन बाजूंना आणि एक खाली. खालच्या पाकळीवर गडद रेघा असतात आणि तिचा मागचा भाग पिशवीसारखा लांबून त्याची शेपटी झालेली असते. या शेपटीत मध साठतो. रिव्हिनियाना जातीत ती फिकट, जाडसर आणि टोकाला खाच पडलेली असते. जवळच्या जातींतून ती वेगळी काढायची तर आधी ही शेपटी पाहावी लागते.

या फुलाला वास नाही. त्याच्या नावाचा सगळा इतिहास या एका उणिवेत आहे.

इंग्रजीतील 'डॉग' हा शब्द लॅटिन 'कॅनिना'चे भाषांतर आहे आणि 'कॅनिना' म्हणजे कुत्र्याचे, कुत्र्यासंबंधीचे. कुत्र्यांना हे फूल आवडते किंवा त्याचा आकार कुत्र्याच्या एखाद्या अवयवासारखा आहे, असे काहीही नाही. युरोपातील लोकभाषांत आणि जुन्या वनस्पतीग्रंथांत कुत्र्याचे नाव लागले की बहुतेक वेळा अर्थ एकच होता: खरी वस्तू नव्हे, तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू, माणसाच्या उपयोगाची नसल्याने कुत्र्याला सोडलेली. 'मर्क्युरी' नावाच्या वनस्पतीची एक जात औषधी मानली जाई. तिच्यासारखीच दिसणारी पण विषारी असलेली रानटी जात 'डॉग्ज मर्क्युरी' झाली. जर्मन भाषेतही कुत्र्याच्या नावाचे व्हायोलेट आहे आणि फ्रेंचमध्येही.

मराठीला ही रीत परकी नाही. पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्यांपैकी खाण्याजोगी ती अळंबी, बाकीची सगळी कुत्र्याची छत्री. तिथेही कुत्र्याचा संबंध नाही. माणसाने टाकून दिले एवढेच त्यातून सांगायचे असते. 'रान' हा उपसर्गही अनेकदा हेच काम करतो, पण त्यात तुच्छता कमी आणि जागेचा निर्देश जास्त असतो.

कुत्र्याच्या नावाची प्रत्येक वनस्पती मात्र अशी हिणवलेली नाही. रोझा कॅनिना, म्हणजे इंग्रजीतला 'डॉग रोज', या रानगुलाबाचे नाव वेगळ्या वाटेने आले. त्याचे मूळ पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर उतारा आहे अशी प्राचीन समजूत होती आणि रोमन लेखक प्लिनी याने ती नोंदवून ठेवली आहे. व्हायोलेटच्या मागे अशी कोणतीही औषधी आख्यायिका उभी नाही. त्याला कुत्र्याचे नाव मिळाले ते शेजारच्या एका फुलाशी तुलना होऊन. म्हणून त्या शेजाऱ्याचा इतिहास पाहिल्याशिवाय हे नाव उलगडत नाही.

तो शेजारी म्हणजे सुगंधी व्हायोलेट, व्हायोला ओडोराटा. दिसायला जवळपास तसेच, पण थोडे आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलणारे आणि वासाने मोहून टाकणारे. ग्रीक भाषेत त्याला 'इऑन' म्हणत आणि लॅटिनमध्ये 'व्हायोला'. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानले जातात. प्राचीन काळी या शब्दांचा अर्थ आजच्याइतका नेमका नव्हता. इतर काही सुवासिक फुलांनाही तेच नाव लावले जाई, त्यामुळे ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस 'काळे' आणि 'पांढरे' इऑन असा भेद करतो. त्यातले काळे ते आजचे सुगंधी व्हायोलेट. अथेन्स नगरीशी या फुलाचे नाते जडले होते. इ. स. पू. पाचव्या शतकात कवी पिंडरने त्या नगरीला व्हायोलेटचा मुकुट धारण करणारी असे विशेषण दिले आणि अथेन्सकर त्यावर इतके खूश झाले, की पुढे इ. स. पू. 425 मध्ये ॲरिस्टोफेनिसने 'अकार्नियन्स' या नाटकात त्यांची त्याबद्दल थट्टा केली: परगावच्या दूतांनी हे एक विशेषण उच्चारले की नगरवासी आपले भान विसरतात.

रोममध्ये व्हायोलेट हा शेतीचा विषय झाला. फुलांचे हार भोजनाच्या वेळी डोक्यावर घालत. मद्याने जड झालेले डोके त्याने हलके होते असा समज होता. वसंताच्या सुरुवातीला थडग्यांवर व्हायोलेट वाहण्याचा दिवसही पाळला जाई. मागणी इतकी वाढली, की होरेस या कवीने आपल्या एका काव्यात तक्रारीचा सूर लावला: जिथे पूर्वीच्या मालकाला ऑलिव्हचे पीक मिळत होते, तिथे आता श्रीमंतांच्या हौसेखातर व्हायोलेटचे वाफे आणि मर्टलची झुडपे पसरत आहेत. खाण्याच्या पिकाची जमीन वासाच्या पिकाने घेतल्याची ही फार जुनी नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच वासाला भाव होता, हे त्यातून दिसते.

पूर्वेकडे या फुलाचे नाव बनफ्शा. हा शब्द फारसी. अरबीत त्याचे 'बनफसज' झाले. युनानी वैद्यकात ते थंड आणि ओलसर गुणाचे मानले जाते. ताप, कोरडा खोकला, घसा बसणे, झोप न लागणे यांवर ते दिले जाई. व्हायोलेटचे तेल काढण्याची जुनी पद्धत विलक्षण होती. फुले थेट तेलात उकळण्याऐवजी तीळ किंवा सोललेले बदाम यांचे थर फुलांच्या थरांत रचत. फुले कोमेजली की बदलत आणि असे पुष्कळ वेळा केल्यावर तो वास शोषलेला तीळ किंवा बदाम घाण्यात घालून तेल गाळत. उष्णता न लावता नाजूक वास टिकवण्याचे ते शहाणपण होते.

भारतात बनफ्शा आला तो युनानी वैद्यकाबरोबर, पण वनस्पती हिमालयात होतीच. काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागांत वसंतात तिथले लोक, विशेषतः स्त्रिया आणि मुले, रानातून ही फुले वेचतात, सुकवतात आणि व्यापाऱ्यांना विकतात. बाजारात 'गुलबनफ्शा' म्हणून जे विकले जाते त्यात ओडोराटाबरोबर हिमालयातील इतर रानटी जातीही असतात, त्यांतली व्हायोला कॅनेसेन्स मुख्य. मुंबईतील युनानी औषधांच्या दुकानांत जोशांद्याच्या पुडीत ज्येष्ठमध, उन्नाब आणि भोकराच्या सुक्या फळांबरोबर ही सुकलेली, रंग उडालेली फुले आजही असतात. सर्दी-पडशावर त्यांचा काढा महाराष्ट्रातील अनेक घरांत घेतला गेला आहे. तो घेणाऱ्यांना ते व्हायोलेट आहे याची कल्पना क्वचितच असते.

युरोपात याच फुलाच्या सरबताने रसायनशास्त्रालाही हात दिला. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1664 साली प्रसिद्ध केलेल्या रंगांवरील ग्रंथात व्हायोलेटच्या निळ्या सरबताचे प्रयोग दिले आहेत. आम्ल टाकले की सरबत लाल होते आणि अल्कली टाकली की हिरवे. औषधाच्या दुकानात सहज मिळणारे सरबत त्याने परीक्षणाचे साधन बनवले. आम्ल आणि अल्कली रंगावरून ओळखण्याची जी पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेत आज लिटमसच्या कागदाने शिकवतात, तिच्या पहिल्या पायऱ्यांपैकी ही एक.

फुलाच्या नावावरून रंगाचे नाव पडले आणि न्यूटनने इंद्रधनुष्याच्या पट्ट्याच्या टोकाला व्हायोलेटची जागा कायम केली. मराठीत तीच जागा जांभळाकडे गेली. 'तानापिहिनिपाजा' म्हणून सप्तरंग पाठ करताना शेवटच्या अक्षराला जे नाव येते ते रानातल्या फुलाचे नसून ज्येष्ठात पिकणाऱ्या फळाचे आहे. त्या रंगापलीकडच्या अदृश्य किरणांसाठी मराठी शास्त्रीय लेखनात 'जंबुपार' असा शब्द घडवला गेला. व्हायोलेट न पाहिलेल्या प्रदेशाने आपल्या ओळखीच्या रंगावरून शास्त्राची परिभाषा केली, हे या भाषेचे मोठेच काम आहे.

एकोणिसाव्या शतकात सुगंधी व्हायोलेटचा व्यापार शिगेला पोहोचला. फ्रान्समध्ये तर ते राजकारणात शिरले. 1814 मध्ये एल्बा बेटावर हद्दपार झालेल्या नेपोलियनच्या अनुयायांनी त्याच्यासाठी व्हायोलेट हे खुणेचे फूल धरले. 1815 च्या मार्चमध्ये, अगदी या फुलांच्या मोसमात, तो पॅरिसमध्ये परतला. वॉटर्लूच्या पराभवानंतर कोटाला व्हायोलेट खोवणे हे बूर्बाँ राजवटीत संशयास्पद ठरले.

त्यानंतरची वाढ रेल्वेमुळे झाली. दक्षिण फ्रान्सच्या उबदार किनाऱ्यावर हिवाळ्यात फुललेली व्हायोलेट रात्रीच्या गाड्यांनी पॅरिसला आणि तिथून पुढे लंडनला जाऊ लागली. तुलूझ शहराच्या आसपास दुहेरी पाकळ्यांच्या पार्मा व्हायोलेटची लागवड पसरली. ही फुले साखरेत घोळवून वाळवण्याची मिठाईही तिथली प्रसिद्ध. 1956 च्या फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीने तुलूझचे मळे उद्ध्वस्त केले आणि तो व्यवसाय पूर्वीच्या प्रमाणात पुन्हा कधी उभा राहिला नाही. नीसच्या मागच्या डोंगरातील तूरेत-स्यूर-लू या गावात लागवड टिकून आहे. तिथे फुलांच्या जुड्या बांधल्या जातात आणि पाने अत्तराच्या कारखान्यांना जातात. पानांपासून काढलेल्या अर्काला फुलाचा गोड वास नसतो, त्याला चिरलेल्या गवताचा आणि काकडीचा हिरवा वास असतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक गावी काचघरांतून याच फुलांचा मोठा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालत होता. पुढे रुची बदलली आणि तोही ओसरला.

लंडनच्या रस्त्यांवर व्हायोलेटच्या जुड्या विकणाऱ्या गरीब स्त्रिया ही त्या काळची रोजची बाब होती. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या, 1913 साली प्रथम रंगमंचावर आलेल्या नाटकातली एलायझा अशीच फुलवाली आहे. पहिल्याच प्रवेशात धक्का लागून तिची फुले चिखलात पडतात, ती व्हायोलेटचीच. पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये 'ती फुलराणी' म्हणून हे नाटक मराठीत आणले, तेव्हा फुले विकणारी मुलगी मराठी झाली आणि भक्ती बर्वे यांच्या अभिनयाने घराघरांत पोहोचली. एलायझाच्या टोपलीतील जुडीची किंमत वासामुळे होती. रिव्हिनियानाची जुडी बांधून कोणी लंडनच्या रस्त्यावर बसले असते, तर ती विकली गेली नसती.

हा वास नेमका कशाचा, याचा उलगडा 1893 मध्ये झाला. बर्लिनमध्ये फर्डिनांड टीमान आणि पाउल क्रूगर हे रसायनशास्त्रज्ञ आयरिसच्या सुकलेल्या मुळांच्या वासाचा अभ्यास करत होते. ही मुळे व्हायोलेटसारखी दरवळतात आणि फुलापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. त्या अभ्यासातून त्यांच्या हाती एक कृत्रिम द्रव्य आले, त्याला व्हायोलेटचा वास होता. ग्रीक 'इऑन'वरून त्याचे नाव 'आयोनोन' ठेवले गेले. फुलातही तोच घटक असल्याचे नंतर पृथक्करणाने ठरले. वासाचे एक वैशिष्ट्य व्हायोलेट हुंगणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते: पहिल्या श्वासात वास भरभरून येतो, दुसऱ्या-तिसऱ्या श्वासात नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. फूल वास देणे थांबवत नाही. आयोनोनने नाकातील संवेदना काही काळ बधिर होते. एका प्रकारच्या आयोनोनचा वास काही माणसांना फारच मंद किंवा वेगळाच येतो आणि त्याचे कारण नाकातील एका ग्राहकाच्या जनुकातील फरक आहे, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

आयोनोन कारखान्यात करण्यासाठी कच्चा माल लागतो तो सिट्रल, आणि त्याचा मोठा साठा भारतात निघाला. कोचीन बंदरातून निर्यात होणाऱ्या मलबारच्या गवती तेलात सिट्रलचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असते. सिट्रल आणि ॲसिटोन यांची अल्कलीच्या साहाय्याने अभिक्रिया घडवून मिळालेल्या द्रव्यावर आम्लाची प्रक्रिया केली, की आयोनोन तयार होतो. महाराष्ट्रात चहात घालतात तो गवती चहा या मलबारी गवताचा सख्खा भाऊबंद. त्याचा लिंबासारखा वास सिट्रलचाच. म्हणजे पॅरिस-लंडनच्या बाजारात विसाव्या शतकात जे 'व्हायोलेट' अत्तर स्वस्त झाले, त्यातले बरेचसे मूळचे केरळच्या डोंगरउतारावरचे गवत होते. पुढे 1947 मध्ये बाझेलच्या रोश कंपनीत ऑटो इस्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयोनोनपासूनच जीवनसत्त्व 'अ' कृत्रिम रीतीने तयार केले. अत्तराच्या कारखान्याचे द्रव्य औषधाच्या कारखान्यात गेले. वासासाठी फुलांच्या मळ्यांची गरज मात्र त्याआधीच उरली नव्हती.

वासाच्या या दीर्घ इतिहासात बिनवासाचे रानव्हायोलेट कुठे होते, ते वनस्पतीशास्त्राच्या नोंदींतून कळते. कुत्र्याचे व्हायोलेट ही भाषा लोकांत आणि वैदूंच्या ग्रंथांत आधीपासून होती. कार्ल लिनियसने 1753 साली आपल्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा त्याने तीच भाषा शास्त्रात आणली. एका जातीचे नाव ओडोराटा, म्हणजे सुवासिक. दुसरीचे नाव कॅनिना. दोन्ही नावे एकाच ग्रंथात आली आणि दोन्हींचा निकष एकच होता: माणसाच्या नाकाला काय मिळते. एकीचे नाव तिच्याजवळ जे आहे त्यावरून पडले आणि दुसरीचे तिच्याजवळ जे नाही त्यावरून.

लिनियसच्या कॅनिनामध्ये आज वेगळ्या मानल्या जाणाऱ्या जाती मिसळलेल्या होत्या. उघड्या माळावर, वालुकामय हलक्या जमिनीत वाढणारी निळसर फुलांची एक, आणि जंगलात, बांधावर वाढणारी जास्त सर्रास दिसणारी दुसरी. ही गुंतागुंत एकोणिसाव्या शतकात सुटू लागली. 1823 मध्ये ड्रेस्डेनमधील प्राध्यापक हाइनरिश गॉटलीब लुडविग रायशेनबाख याने जंगलातील जात स्वतंत्र ठरवली आणि तिला व्हायोला रिव्हिनियाना असे नाव दिले. ड्रेस्डेनची वनस्पतीबाग उभारणारा हा माणूस. कॅनिना हे नाव माळावरच्या जातीकडे राहिले. त्यामुळे एक विसंगती तयार झाली, ती आजही आहे: लोकांच्या बोलण्यात कुत्र्याचे नाव ज्या फुलाला सर्वांत जास्त लागते, त्याच्या शास्त्रीय नावात कुत्रा नाही.

'रिव्हिनियाना' हे विशेषण वाचून लॅटिन जाणणाऱ्याला ओढ्याकाठच्या फुलाची कल्पना येईल, कारण 'रिव्हस' म्हणजे ओढा. फुलाला मात्र ओढ्याशी काही देणेघेणे नाही. ते नाव एका माणसाचे आहे: ऑगस्ट क्विरिनुस रिव्हिनुस, जन्म लाइपझिग, 1652, मृत्यू 1723. घराण्याचे मूळ आडनाव बाखमान. जर्मनमध्ये 'बाख' म्हणजे ओढा. विद्वानांनी आपली नावे लॅटिनमध्ये फिरवून घेण्याची तेव्हाची पद्धत होती, आणि बाखमानचे रिव्हिनुस झाले. ओढा असा आडनावातून आडनावात आणि तिथून फुलात आला.

रिव्हिनुस हा लाइपझिग विद्यापीठात प्राध्यापक होता आणि व्यवसायाने वैद्य. जिभेखालच्या लाळग्रंथींच्या बारीक नलिकांना शरीरशास्त्रात आजही त्याचे नाव आहे. वनस्पतीशास्त्रातले त्याचे काम मोठे होते, लिनियसच्या झगमगाटात ते झाकले गेले. 1690 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून त्याने फुलांवर आधारलेले वर्गीकरण मांडले. पाकळ्या किती आणि त्या सारख्या आहेत की असमान, या दोन प्रश्नांवर त्याने वनस्पतींची रचना केली. झाड, झुडूप आणि रोपटे असा प्राचीन काळापासून चालत आलेला भेद त्याने सोडून दिला. हे त्या काळात धाडसाचे होते आणि इंग्लंडचा वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन रे याच्याशी त्याचा यावरून वादही झाला. वनस्पतीचे नाव दोन शब्दांपेक्षा लांब असू नये असे त्याने लिनियसच्या आधी साठहून अधिक वर्षे सुचवले होते. मोठमोठ्या तांब्याच्या पट्टिकांवर कोरलेल्या चित्रांसह त्याने आपले ग्रंथ स्वतःच्या पैशांनी काढले. त्यातला 1699 चा भाग पाच असमान पाकळ्यांच्या फुलांचा आहे, आणि व्हायोलेट नेमके त्याच रचनेचे फूल आहे. त्यामुळे रायशेनबाखने केलेली निवड समर्पक होती. अमेरिका खंडांतून येऊन भारतातही सावलीच्या जागी रुजलेल्या, लाल फळांच्या 'रिव्हिना' या झुडपालाही त्याचेच नाव आहे.

नावांची साखळी पुढेही चालली. रिव्हिनियानासारखीच, पण थोडी आधी फुलणारी आणि गडद, सडपातळ, बिनखाचेची शेपटी असलेली एक जात जंगलात होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञांनी तिचे नाव व्हायोला रायशेनबाखियाना ठेवले. ज्याने रिव्हिनुसचा गौरव केला त्याचाही असा गौरव झाला. या दोन जाती एकाच रानात शेजारी-शेजारी उगवतात. रिव्हिनियानाच्या पेशीत साधारणपणे 40 गुणसूत्रे असतात आणि रायशेनबाखियानाच्या पेशीत 20. तरीही दोघींचे संकर होतात, त्यामुळे बांधावर उभे राहून जात ठरवताना अनुभवी माणूसही अडखळतो. अमेरिकेत सर्वांत सामान्य असलेल्या रानव्हायोलेटचे नाव व्हायोला सोरोरिया, म्हणजे बहिणीसारखे. इतर जातींशी असलेले जवळचे साम्य त्या नावात आले आहे. इलिनॉय राज्याने 1908 मध्ये व्हायोलेट हे आपले राज्यपुष्प ठरवले.

महाराष्ट्रात व्हायोला वंशाची फुले रानात जवळजवळ नाहीतच. हिवाळ्यात बागांतून लावतात ती पॅन्सी मात्र याच वंशातली, युरोपात संकराने तयार झालेली. या कुळाचा खरा स्थानिक प्रतिनिधी म्हणजे पावसाळ्यात माळावर गवतात उगवणारा रतनपुरुष. त्याच्या गुलाबी-जांभळ्या फुलाला चार पाकळ्या नावापुरत्या असतात, पाचवी खालची पाकळी जिभेसारखी मोठी पसरलेली. व्हायोलेटच्या असमान पाकळ्यांची रचनाच इथे टोकाला गेलेली आहे. त्याला औषधी मान आहे आणि नावही मानाचे.

वास नसणे ही उणीव माणसाच्या बाजूने आहे. वनस्पतीचे त्यावाचून काही अडलेले नाही. डॉग-व्हायोलेटच्या खालच्या पाकळीवरच्या रेघा कीटकाला मधाकडे नेतात. दोन पुंकेसरांची शेपट्यांसारखी टोके पाकळीच्या पिशवीत उतरतात आणि तिथे मध स्रवतात. लांब सोंडेच्या मधमाश्या तो घेताना परागकण नेतात. उन्हाळा वाढला आणि झाडांची पाने दाट होऊन रानात सावली पडली, की हे झाड दुसऱ्या प्रकारची फुले काढते. ती कधी उमलतच नाहीत. कळीच्या आतच परागण होते आणि बी धरते. बियांचा मोठा भाग या मिटल्या फुलांतूनच येतो. फळ पिकले की तीन भागांत फुटते आणि कडा आकसताना बी जोराने दूर उडते. प्रत्येक बीला एक तेलकट पांढरा कण चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी वारुळाकडे ओढून नेतात, कण खातात आणि बी टाकून देतात. भुसभुशीत मातीत ते रुजते. मुंग्यांकडून होणाऱ्या या प्रसाराचा पहिला सविस्तर अभ्यास स्वीडनच्या रुटगर सेर्नान्डरने 1906 मध्ये प्रसिद्ध केला.

या फुलाची खरी थोरवी फुलपाखरांना ठाऊक आहे. युरोपातील फ्रिटिलरी गटाच्या कित्येक फुलपाखरांच्या अळ्या व्हायोलेटची पाने खातात आणि ब्रिटनमध्ये त्यातला मोठा भार रिव्हिनियानावर आहे. सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरीची मादी तर पानावर अंडी घालत नाही. खाली व्हायोलेट आहेत याची खात्री करून ती जवळच्या झाडाच्या खोडावर, सालीच्या भेगांत अंडी ठेवते. अळी बाहेर पडते, हिवाळा तिथेच झोपून काढते आणि वसंतात उतरून व्हायोलेट शोधते.

म्हणून इंग्लंडच्या जंगलांचा इतिहासही या फुलाशी जोडलेला आहे. तिथे शतकानुशतके झाडे बुंध्याशी तोडून फुटव्यांतून पुन्हा वाढू देण्याची पद्धत होती. दर वर्षी जंगलाचा एक तुकडा तोडला जाई. कुंपणाच्या काठ्या, कोळसा आणि सरपण त्यातून मिळे. तोडलेल्या तुकड्यात ऊन पोहोचे आणि दोन-तीन वर्षे जमीन व्हायोलेटने भरून जाई. मग फुटवे वाढून सावली पडे, पण तोवर शेजारचा तुकडा तोडलेला असे. फुलपाखरे या तोडीच्या मागे-मागे सरकत, आणि त्यामुळे इंग्लंडमध्ये जंगलतोड्यांच्या नावाने ओळखले जाणारे एक फ्रिटिलरीही आहे. विसाव्या शतकात कोळशाची आणि सरपणाची गरज संपली, तोड थांबली, जंगले अंधारी झाली. व्हायोलेट नाहीसे झाले नाही, कारण ते बांधावर आणि कुरणांत तग धरू शकते. पण उन्हात दाट फुललेले ताटवे गेले, आणि पर्ल-बॉर्डर्ड व हाय ब्राउन या फ्रिटिलरी झपाट्याने कमी झाल्या. हाय ब्राउन आज ब्रिटनमधील सर्वांत धोक्यात आलेल्या फुलपाखरांपैकी आहे. निसर्गसंस्था आता काही जंगलांत मुद्दाम जुन्या पद्धतीने तोड करतात, ते या पानांसाठी.

2002 मध्ये प्लांटलाइफ या संस्थेने ब्रिटनमधील प्रत्येक काउंटीसाठी लोकांच्या मतांनी एक रानफूल निवडले, तेव्हा लिंकनशायरने डॉग-व्हायोलेट निवडले. बागांत त्याचा एक जांभळ्या पानांचा प्रकार लोकप्रिय आहे आणि रोपवाटिकांत तो बऱ्याचदा व्हायोला लाब्राडोरिका या नावाने विकला जातो. खरे लाब्राडोरिका ही उत्तर अमेरिकेतील वेगळी जात आहे. विकले जाणारे रोप रिव्हिनियानाच असते.